इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, पण ऐकताना निसटते : नेमका कोणता सराव करावा?

खापरी_रोज

सर्वांना नमस्कार.

माझे शालेय शिक्षण उमरेड तालुक्यातील एका मराठी शाळेत झाले. पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय राज्यात २००० साली अमलात आला. आमची तुकडी त्याच्या आधीची असल्यामुळे एबीसीडीशी गाठ पडली ती थेट पाचवीत. पुढे अभियांत्रिकीची पुस्तके इंग्रजीतून वाचली, परीक्षा इंग्रजीतून दिल्या आणि आज नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीत दिवसभर इंग्रजीतच ई-मेल लिहितो. वाचताना किंवा लिहिताना फारसे अडत नाही.

अडते ते ऐकताना. परदेशी ग्राहकांबरोबर दूरस्थ बैठक सुरू झाली की पहिले वाक्य कळते, दुसरे अर्धे कळते, आणि त्या अर्ध्याचा अर्थ लावेपर्यंत तिसरे आणि चौथे निघून गेलेले असते. विशेष म्हणजे बैठकीचा लेखी वृत्तान्त हाती आला की त्यातील एकही शब्द अनोळखी निघत नाही. म्हणजे शब्द ठाऊक आहेत, व्याकरण ठाऊक आहे, तरीही बोलणारा माणूस कळत नाही.

माझा प्रश्न असा की, रोज इंग्रजी कानावर पडत राहिले तर हे आपोआप सुधारते, की त्याचा काही वेगळा अभ्यास करावा लागतो? असल्यास तो घरच्या घरी कसा करावा? मेट्रोत जाता-येता वेळ मिळतो, इयरफोन आहेत, इंटरनेट आहे. क्लास लावण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. सीताबर्डीवरील पाट्या मीही वाचलेल्या आहेत.

तर्रीदार

मेट्रोतील 'नेक्स्ट स्टेशन' ही इंग्रजी घोषणा मला शंभर टक्के समजते. तीच मराठीत आणि हिंदीतही होते, हा भाग वेगळा.

शंकरनगर_चौक

माझ्या मते वेगळा अभ्यास वगैरे काही लागत नाही. लहान मूल आईचे बोलणे ऐकूनच भाषा शिकते, त्याला कोणी उतारे देत नाही. स्टीफन क्रॅशेन या अमेरिकी भाषातज्ज्ञाने हेच मांडले आहे की भाषा येते ती ऐकण्या-वाचण्यातून मिळणाऱ्या सामग्रीमुळे, नियम घोकल्याने नव्हे. मी स्वयंपाक करताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना सतत काही ना काही इंग्रजी लावून ठेवते. पॉडकास्ट, बातम्या, मुलाखती, जे मिळेल ते. खापरी_रोज, तुम्हीही तेच करा. कान आपोआप तयार होतो. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो.

निवृत्त_मास्तर

शंकरनगर ताईंचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. क्रॅशेन यांच्या मांडणीत 'सामग्री' या शब्दाआधी एक विशेषण आहे आणि सगळा भार त्या विशेषणावर आहे. ती सामग्री ऐकणाऱ्याला समजेल अशी असली पाहिजे, त्याच्या सध्याच्या पातळीच्या किंचित वरची. जे मुळात समजतच नाही ते कानावरून कितीही वेळा गेले तरी पंख्याच्या आवाजासारखे मागे चालू राहते. भाजी निवडताना लावलेल्या मुलाखतीतील निम्मे बोलणे कळत असेल तर लाभ आहे; कळत नसेल तर केवळ भाजी निवडून होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शब्द ठाऊक असूनही ते कानाला ओळखू न येण्याचे कारण आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो आणि इंग्रजी वाचतानाही तीच सवय चालवतो. इंग्रजीचा ताल निराळा आहे. तेथे वाक्यातील मोजक्या शब्दांवर आघात पडतो आणि मधले लहान शब्द त्या दोन आघातांमधील जागेत दाबून बसवले जातात. टू, फॉर, अँड, कॅन हे शब्द आम्ही वर्गात खडखडीत शिकवले. प्रत्यक्ष बोलण्यात त्यांचे 'ट', 'फर', 'न', 'कन' एवढेच उरते. 'ऑफ' आणि 'हॅव' हे दोन्ही शब्द तर घाईच्या बोलण्यात 'अव'वर येऊन ठेपतात आणि त्यातला कोणता कोणता हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवावे लागते. त्यातच एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या आरंभाला चिकटतो. 'डिड यू'चे 'डिज्यू' होते, 'नॉट ॲट ऑल'चे 'नॉटटॉल' होते, आणि अमेरिकी माणसाच्या तोंडी 'वॉटर'मधील ट हा आपल्या ड आणि र यांच्या मधोमध कोठेतरी पडतो.

हे केवळ इंग्रजीतच घडते असे समजण्याचे कारण नाही. पुण्याहून नुकत्याच आलेल्या गृहस्थांना इतवारीत कोणी 'का करून रायला बे' असे विचारले तर 'काय', 'करून' आणि 'राहिला' हे तिन्ही शब्द त्यांच्या ओळखीचे असूनही ते क्षणभर गोंधळतात. त्यांचे मराठी कच्चे नसते. त्यांच्या कानाला त्या शब्दांची ही झिजलेली रूपे ठाऊक नसतात, इतकेच.

तर्रीदार

आणि ठाऊक झाली की ते गृहस्थ 'बे' मनावर घेतात, मास्तर.

वैदर्भी

मास्तरांनी कारण सांगितले. मी उपाय सांगते. महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना मी विद्यार्थ्यांकडून ऐकून लिहिण्याचा सराव करून घेते. जुन्या शाळेतील श्रुतलेखनच हे, फक्त उद्देश शुद्धलेखनाचा नसतो.

ज्याचा लेखी मसुदा उपलब्ध आहे असा ध्वनिमुद्रित मजकूर निवडावा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम यासाठी सोयीचा आहे, आणि टेडच्या व्याख्यानांचेही मसुदे मिळतात. त्यातील मिनिटभराचाच भाग घ्यावा. आधी एकदा तो सलग ऐकावा आणि विषय काय आहे एवढेच पाहावे. नंतर वाक्यावाक्याला थांबवून, जे ऐकू आले ते वहीत लिहावे आणि जेथे कळले नाही तेथे रेघ ओढावी. पुन्हा ऐकून रेघा भरता येतील तेवढ्या भराव्यात. मसुदा उघडायचा तो यानंतरच, आणि खरा अभ्यास तेथून पुढे सुरू होतो.

प्रत्येक चुकलेल्या जागेसमोर आपण का चुकलो ते लिहावे. कारणे साधारण तीन प्रकारची निघतात. एक म्हणजे शब्दच माहीत नव्हता. दुसरे म्हणजे शब्द माहीत होता, पण आवाजावरून ओळखला नाही. तिसरे म्हणजे सगळे शब्द ओळखले, पण वाक्याचा रोख कळला नाही. मागे एका विद्यार्थिनीच्या वहीत 'आय शुड ऑफ टोल जू अर्लियर' असे वाक्य होते. मसुद्यात होते 'आय शुड हॅव टोल्ड यू अर्लियर'. तिच्या कानांनी काम चोख केले होते, कारण बोलणाऱ्याने खरोखर 'शुडव टोल्ज्यू' असेच म्हटले होते. पण त्या आवाजाला 'हॅव' आणि 'टोल्ड यू' हे तिच्या माहितीतले शब्द जोडले गेले नाहीत. हे वाक्य तिने मसुदा समोर ठेवून मनाचे समाधान होईपर्यंत ऐकले आणि त्याच लयीत मोठ्याने म्हटले. त्यानंतरच्या उताऱ्यांत 'वुडव', 'कुडव' आले तेव्हा तिच्या वहीत रेघ नव्हती.

खापरी_रोज, तुमच्या वर्णनावरून तुमच्या चुका बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असाव्यात. तसे असेल तर नवीन शब्दांच्या याद्या पाठ करून तुमचा प्रश्न सुटणार नाही.

गोधनी_पॅसेंजर

शब्दसंग्रहाला इतके दुय्यम ठरवू नये असे मला वाटते. पॉल नेशन हे शब्दसंग्रहाचे मान्यवर अभ्यासक आहेत. त्यांच्या २००६ सालच्या हिशोबानुसार बोललेल्या इंग्रजीतील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत यासाठी सहा ते सात हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. एक शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे. आपल्यापैकी किती जणांकडे एवढे भांडवल आहे?

वैदर्भी

आकडा बरोबर आहे. पण ती शब्दकुळे डोळ्यांच्या ओळखीची आहेत की कानांच्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. 'कम्फर्टेबल' हा शब्द सर्वांना येतो. तो 'कम्फ्टबल' असा कानावर आल्यावर किती जण ओळखतात, ते वर्गात विचारून पाहावे.

आयेल्टसवाला

मी सध्या आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी करत आहे, म्हणून माझे दोन पैसे. त्यातील श्रवणाच्या पेपरात चार भाग आणि चाळीस प्रश्न असतात. ध्वनिमुद्रण साधारण तीस मिनिटांचे असते आणि ते एकदाच ऐकवले जाते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकी असे निरनिराळे उच्चार त्यात येतात. उत्तरे प्रश्नांच्याच क्रमाने येतात, ही त्यातल्या त्यात सोय. बोलणारा आधी एक तारीख सांगतो, मग 'नाही, थांबा' म्हणून दुसरी सांगतो, आणि पहिली लिहिणारे तेथेच फसतात. आमच्या मार्गदर्शकांनी आम्हाला सांगितले आहे की प्रश्न आधी वाचून ठेवा आणि येणाऱ्या उत्तराचा अंदाज बांधा: आकडा येणार की नाव येणार, एकवचन की अनेकवचन. अशा तयारीने गुण वाढतात, हे मी पाहतो आहे.

निवृत्त_मास्तर

गुण वाढतात हे खरे. बैठकीत मात्र ग्राहक प्रश्नपत्रिका आधी वाटत नाही.

तरीही यातील एक गोष्ट प्रत्यक्ष व्यवहारात उपयोगी आहे, ती अंदाजाची. काय येऊ शकेल हे मनात असले की कानाचे काम हलके होते. बैठकीची विषयपत्रिका हाती आली की त्यात कोणते शब्द येतील ते आधी कागदावर उतरवावेत आणि त्यांचे उच्चार ऐकून ठेवावेत. यूग्लिश नावाच्या संकेतस्थळावर एखादा शब्द टाकला की तो ज्या ज्या चित्रफितींत उच्चारला गेला आहे, तेथून ती चित्रफीत सुरू होते आणि अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन अशी निवडही करता येते. शब्दकोशातील सुटा उच्चार ऐकण्यापेक्षा वाक्यात मुरलेला उच्चार ऐकणे केव्हाही चांगले.

फुटाळा_फेरी

सबटायटल लावून मालिका पाहण्याबद्दल कोणीच कसे बोलले नाही? मी कित्येक वर्षे हिंदी सबटायटल लावून इंग्रजी मालिका पाहत आहे. त्यातून कान तयार होतो असा माझा समज आहे, निदान करमणूक तरी होते.

वैदर्भी

करमणुकीबद्दल वाद नाही. कानाच्या बाबतीत मात्र सबटायटल कोणत्या भाषेतील आहे यावर बरेच अवलंबून असते. नेदरलँड्समध्ये होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी याचा एक नेटका प्रयोग केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी चांगले येणाऱ्या डच प्रेक्षकांना त्यांनी स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन उच्चारांच्या चित्रफिती दाखवल्या. काहींना इंग्रजी सबटायटल दिले, काहींना डच, काहींना काहीच दिले नाही. नंतर त्याच उच्चारांतील वाक्ये ऐकवली. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना पूर्वी न ऐकलेली वाक्येही अधिक चांगली ओळखता आली. डच सबटायटल वाचणारे मात्र नव्या वाक्यांच्या बाबतीत सबटायटल नसलेल्यांपेक्षाही मागे पडले.

कारण समजण्यासारखे आहे. इंग्रजी सबटायटल पाहताना डोळा कानाला सांगतो की आता जो आवाज आला तो अमुक शब्दाचा होता. हिंदी वाचताना डोळ्यांना अर्थ मिळून जातो आणि कानाला काही करण्याची गरजच उरत नाही.

फुटाळा_फेरी

म्हणजे इतक्या वर्षांत माझे हिंदी सुधारले असे समजावे का?

तर्रीदार

नागपूरकराचे हिंदी आणखी किती सुधारणार!

सोनेगाव_टॉवर

विमानांशी संबंधित नोकरीतून निवृत्त झालो आहे, म्हणून ऐकण्याविषयी थोडे निराळे सांगतो. आमच्या क्षेत्रात ऐकण्यात चूक झाली तर गोष्ट जिवावर बेतते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानावर सगळा भरवसा टाकण्याऐवजी बोलण्याचीच पद्धत बांधून दिलेली असते. रेडिओवर नऊ या आकड्याला 'नाइनर', पाचाला 'फाइफ' आणि तिनाला 'ट्री' म्हणतात, जेणेकरून खरखरीतही एकाचा दुसरा होऊ नये. नियंत्रकाने उंची किंवा धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवणे बंधनकारक असते. 'ओके, समजले' एवढे उत्तर चालत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ च्या मार्चपासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या लागू केल्या आणि किमान चौथी आवश्यक ठरवली. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि त्यांतील सर्वांत कमी पातळी हीच त्या माणसाची पातळी धरली जाते. फर्डे बोलणारा पण ऐकण्यात कच्चा असलेला माणूस तेथे कच्चाच ठरतो.

खापरी_रोज, बैठकीत उलट म्हणून दाखवण्याची ही पद्धत वापरून पाहा. 'कृपया पुन्हा सांगा' असे म्हटले की समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगाने पुन्हा म्हणतो. त्याऐवजी 'तुम्ही म्हणालात की चाचणी गुरुवारपर्यंत पूर्ण हवी, त्यानंतरचा भाग कळला नाही' असे म्हटले तर तो नेमका राहिलेला भाग सावकाश सांगतो, आणि आपण लक्ष देत आहोत हेही त्याला दिसते. आकड्यांच्या बाबतीत तर संकोच बाळगूच नये. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत भलेभले फसतात. 'वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो?' असे विचारून मोकळे व्हावे.

कानाचा_डॉक्टर

सोनेगाव काकांनी खरखरीचा विषय काढला म्हणून लिहितो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज पुढे जातो. 'स' आणि 'फ' यांना वेगळे करणारी बरीचशी माहिती त्याच्या वरच्या पट्ट्यात असते. म्हणूनच फोनवर आडनावाचे स्पेलिंग सांगताना 'एफ' की 'एस' हा घोळ होतो. मातृभाषेत संदर्भावरून मेंदू ही गळती भरून काढतो, दुसऱ्या भाषेत त्याला ते तितकेसे जमत नाही. गोंगाटात तर आणखीच कमी जमते. त्यामुळे महत्त्वाची बैठक शक्य तोवर चांगल्या हेडफोनवर आणि इंटरनेटवरून घ्यावी.

दोन गोष्टी वैद्यकीय. इंग्रजीबरोबर मराठीही अस्पष्ट ऐकू येऊ लागले असेल, विशेषतः चार माणसे एकदम बोलत असताना, तर अभ्यासक्रम शोधण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट अशी की धावत्या मेट्रोत बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी इयरफोनचा आवाज वाढवत नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते.

जामठा_पूर्व_स्टँड

सगळे इतके गंभीर बोलत आहेत, पण क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनाचा विचार कोणीच केला नाही. माझे कान तेथेच तयार झाले. रिची बेनॉ यांचे ऑस्ट्रेलियन, टोनी कोझियर यांचे बार्बाडोसचे, जेफ्री बॉयकॉट यांचे यॉर्कशायरचे आणि डॅनी मॉरिसन यांचे न्यूझीलंडचे, असे सगळे उच्चार घरबसल्या ऐकायला मिळाले. चेंडू कोठे गेला हे डोळ्यांना दिसतच असते, त्यामुळे एखादा शब्द निसटला तरी अर्थ निसटत नाही.

निवृत्त_मास्तर

ही सूचना वरवर गमतीची वाटली तरी अगदी योग्य आहे. विषयाची जाण पूर्ण असल्यामुळे लक्ष केवळ आवाजावर ठेवता येते. कोणत्याही श्रोत्याने सुरुवात आपल्याला पुरेपूर ठाऊक असलेल्या विषयापासूनच करावी: पाककृती, क्रिकेट, शेअर बाजार, जे असेल ते. पुढची पायरी म्हणून चित्र बंद करून तेच समालोचन ऐकावे.

आमच्या तरुणपणी व्हॉइस ऑफ अमेरिकाचा 'स्पेशल इंग्लिश' हा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर लागत असे. तो १९५९ साली सुरू झाला होता. सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत आणि मुद्दाम संथ गतीने त्यात बातम्या वाचत असत. नवशिक्यांना त्याने मोठा धीर दिला. पण संथ बातम्यांवर पोसलेला कान भराभर चालणाऱ्या गप्पांपुढे अडखळतो, म्हणून तेथे फार काळ मुक्काम करू नये. यूट्यूबवर गती पाऊणपट करून ऐकणाऱ्यांनाही हेच सांगेन. गती कमी केल्याने विचाराला वेळ मिळतो, पण 'गॉना'चे 'गोइंग टू' होत नाही. ते लांबलेले 'गॉना'च राहते.

खापरी_रोज

सर्वांचे मनापासून आभार. वैदर्भी ताईंच्या पद्धतीने आमच्याच एका बैठकीच्या ध्वनिमुद्रणावर काम केले. त्यांचे अनुमान बरोबर निघाले; नवीन शब्द जवळजवळ नव्हतेच. एका जागी तर अर्थच उलटा लागत होता. अमेरिकी सहकारी 'वुई कॅन्ट शिप इट' म्हणत होता आणि मला 'वुई कॅन' ऐकू येत होते, कारण शेवटचा ट त्याने गिळला होता.

आता नवी अडचण अशी की पुढील महिन्यापासून आमच्या प्रकल्पाचा ग्राहक बदलत असून नवे पथक ग्लासगोचे आहे. पहिल्या ओळखीच्या बैठकीत माझ्या अनुभवी सहकाऱ्यांनीही एकमेकांकडे पाहिले. स्कॉटिश उच्चारांची तयारी वेगळी करावी का?

वैदर्भी

आधी 'कॅन' आणि 'कॅन्ट'विषयी. अमेरिकी बोलण्यात शेवटच्या ट वर विसंबून राहू नये. होकारार्थी वाक्यात 'कॅन'वर सहसा जोर नसतो, म्हणून ते 'वी कन शिप इट' असे तोकडे ऐकू येते. स्वर पूर्ण उघडा आणि जोरदार ऐकू आला तर बहुधा नकार आहे असे धरावे. अपवाद असतात, म्हणून कामाच्या बाबतीत सोनेगाव काकांचा उपाय वापरावा आणि उलट म्हणून खात्री करून घ्यावी.

ग्लासगोची तयारी जरूर करावी. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाने 'स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह' नावाचा ध्वनिसंग्रह केला आहे. त्यात जगभरातील माणसांनी एकच परिच्छेद वाचलेला आहे. मजकूर तोच असल्यामुळे फरक फक्त उच्चारांचा उरतो. स्कॉटलंडच्या आवाजांत तो परिच्छेद मजकूर समोर ठेवून ऐकावा. त्यानंतर स्कॉटिश मुलाखती इंग्रजी सबटायटल लावून पाहाव्यात, म्हणजे वर सांगितलेल्या डच प्रयोगासारखेच काम आपल्या घरी होईल. स्कॉटिश माणूस र स्पष्ट उच्चारतो, ही आपल्याला सोयीचीच गोष्ट आहे. ग्लासगोकडे 'वॉटर', 'बेटर' अशा शब्दांतील मधला ट मात्र घशात अडवला जातो आणि तेथे केवळ एक झटका ऐकू येतो. तेवढे कान लावून ऐकावे.

सोनेगाव_टॉवर

बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणे लगेच अक्षरांत दाखवण्याची सोय असते, ती सुरू ठेवा. मात्र अपरिचित उच्चार आला की यंत्रही चुकते आणि चुकीचे वाक्यही तितक्याच ठसठशीत अक्षरांत दाखवते. आकडे, तारखा आणि नकार यांच्यासाठी त्यावर विसंबू नका.

शंकरनगर_चौक

वैदर्भी ताईंचा उपाय मी करून पाहिला. एका मिनिटासाठी एवढा खटाटोप करून थकायला होते, हे सांगितलेच पाहिजे. मात्र स्वयंपाक करताना पॉडकास्ट लावणे मी सोडणार नाही. आधी बारकाईने अभ्यासलेला भाग पुन्हा सहज ऐकू आला की तो स्वच्छ कळतो, आणि तो आनंद वहीत मिळत नाही.

निवृत्त_मास्तर

सोडूच नये, ताई. बारकाईचा सराव थोडा आणि रोज, सैल ऐकणे भरपूर, अशी वाटणी असावी. थकवा येतो तो योग्य जागी काम होत असल्यामुळे येतो, म्हणून मिनिटभरच म्हटले आहे.

त्रिमूर्तीनगरची_आजी

मी येथे केवळ वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहिते. माझे वय झाले आहे आणि मला कोणतीही बैठक नसते. माझी नात टेक्सासमध्ये शाळेत जाते. तिला मराठी कळते, पण ती बोलते इंग्रजीतच, आणि अतिशय भराभर. व्हिडिओ कॉलवर मी नुसती हसून मान डोलावते. माझ्यासारखीने यातले काय करावे?

वैदर्भी

आजी, तुमचे काम सर्वांत सोपे आहे, कारण तुम्हाला सगळे इंग्रजी नव्हे, एकाच मुलीचे इंग्रजी ऐकायला शिकायचे आहे. एका माणसाच्या आवाजाची आणि लकबीची सवय तुलनेने लवकर होते. नातीला सांगा की कॉलव्यतिरिक्त रोज व्हॉट्सॲपवर एक छोटा ध्वनिसंदेश पाठव, शाळेत काय झाले एवढेच त्यात सांग, आणि खाली तेच लिहूनही पाठव. तुम्ही आधी न वाचता ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका. संदेशाशेजारी गतीचे बटण दिसेल, ते दीडपट आणि दुपटीवर जाते. त्याला हात लावू नका.

आणि उत्तर मराठीतच पाठवा. तिच्याही कानाला सराव हवा.

त्रिमूर्तीनगरची_आजी

मुलाला आत्ताच निरोप केला आहे. तिकडे रात्र आहे, उठल्यावर तो तिला सांगेल. ध्वनिसंदेश जपून ठेवण्यासाठी काय दाबायचे ते कोणीतरी सावकाश लिहून द्यावे.

तर्रीदार

आजी, तो संदेश बोटाने थोडा वेळ दाबून धरा. वर तारेचे चिन्ह येईल, ते दाबा. तारा लावलेले सगळे संदेश नंतर एकाच यादीत सापडतात. तारा दिसला नाही तर वरच्या तीन टिंबांत पाहा.